वणव्यावर कोणता बंब न्यायचा?

वणव्यासाठी बंब निवडताना नजर आधी टाकीवर जाते. ही सवय मोडायला हवी. गाडी कुठपर्यंत जाईल, तिथून आग किती उंच आणि किती लांब आहे, टाकी संपली की पाणी कुठे भरायचं, हे तीन प्रश्न आधी सोडवायचे. टाकी किती मोठी हवी हे त्यानंतर ठरतं.

बोलायला सोपं जावं म्हणून इथे अमेरिकेतल्या नॅशनल वाइल्डफायर कोऑर्डिनेटिंग ग्रुपची टाइप १ ते ७ ही वर्गवारी घेतली आहे. टाइप १ आणि २ हे वस्तीतल्या इमारतींसाठीचे बंब. टाइप ३ ते ७ रानातले, आणि त्यांना गाडी पुढे सरकत असतानाच पाणी मारता येणं सक्तीचं असतं. हा फरक छोटा वाटतो, पण गवताच्या आगीत सगळा खेळ त्यावरच असतो.

गवत आणि विरळ झुडपं

इथे टाइप ६ घ्या. टाकी किमान ५७० लिटर, पंप १०० पीएसआय (दर चौरस इंचावर पौंडांत मोजलेला दाब) दाबावर मिनिटाला सुमारे १९० लिटर. रस्ता किंवा विझलेली जागा अशी पक्की सुरुवात धरा, गाडी जळून गेलेल्या बाजूला ठेवा आणि चालण्याच्या वेगाने कडेकडेने पुढे सरका. पाणी ज्वाळेच्या शेंड्यावर न मारता बुडाशी मारा. मिनिटाला ४० लिटर सोडलंत तर टाकी सुमारे १४ मिनिटं टिकते. नोझल पूर्ण उघडलंत तर तीनच मिनिटं. परतीपुरतं पाणी राखून ठेवा.

उंच वाळल्या गवतात गाडी उभी करू नका. तापलेल्या सायलेन्सरखाली गवत पेटतं. डिझेल गाडीत धुराचा फिल्टर स्वतःला तापवून काजळी जाळतो, तेव्हा धोका आणखी वाढतो. ती क्रिया थांबवायचं बटण असेल तर गवतात शिरण्याआधीच वापरा.

टाइप ७ ची टाकी किमान १९० लिटरची. ती गस्तीला आणि धुमसणारे ओंडके विझवायला चांगली, पण धावत्या आगीपुढे तिला एकटी पाठवू नका.

चढ आणि दाट झाडी

इथे टाइप ३ लागते, आणि कारण टाकी नव्हे, दाब. टाइप ३ चा पंप २५० पीएसआयवर मिनिटाला सुमारे ५७० लिटर देतो. आता हिशोब करा. आग गाडीपेक्षा १०० मीटर उंचावर आहे. पाणी तेवढं वर चढवायलाच सुमारे १४५ पीएसआय जातात. साध्या नोझलला ५० धरले तर १९५ झाले. उरलेले ५५ नळीतल्या घर्षणाला. जेमतेम जमतं. १०० पीएसआयच्या पंपातून तिथे थेंबही पोचणार नाही, टाकी कितीही मोठी असो. घर्षणाचा नियमही लक्षात ठेवा: प्रवाह दुप्पट केला की घर्षण सुमारे चौपट होतं. लांब नळीवर म्हणूनच नोझल बारीक ठेवायचं.

नळीही पाणी पिते, हे फार जण विसरतात. ३८ मिलिमीटरची ३०० मीटर नळी भरायलाच सुमारे ३४० लिटर लागतात. टाइप ६ ची निम्म्याहून जास्त टाकी नोझल उघडण्याआधीच संपली! २५ मिलिमीटरच्या नळीला तेवढ्याच अंतरावर १५० लिटर पुरतात. म्हणून मुख्य नळी ३८ ची टाकायची आणि फाटे २५ चे काढायचे.

पाणी लांब असलेलं मोकळं रान

टाइप ४ मध्ये किमान २,८४० लिटर मावतात. सपाट, कोरड्या, पाणी दूर असलेल्या भागात ती सोन्यासारखी. पण त्या पाण्याचंच वजन २.८ टन होतं. मऊ जमिनीत चाक रुततं, अरुंद पुलाची वजनमर्यादा ओलांडली जाते. अर्धी भरलेली टाकी तर आडव्या उतारावर फारच घातक: पाणी एका बाजूला सरकतं आणि गाडी कलंडते. टाकीतल्या आडपडद्यांनी हे कमी होतं, थांबत नाही. शंका असेल तर उतारावर आडवं जाऊच नका. टाइप ५, किमान १,५१५ लिटरची, मधला मार्ग म्हणून पुष्कळदा जास्त उपयोगी ठरते.

घरांजवळ

पक्का रस्ता आणि हायड्रंट (बंबाला पाणी देणारा रस्त्याकडेचा नळ) असेल तर टाइप १ किंवा २ आणा. मोठा पंप आणि लांब, जाड नळी तिथेच कामी येते. रस्ता कच्चा असेल तर टाइप ३. घर वाचवताना टाकीत किमान ३८० लिटर स्वतःच्या बचावासाठी राखा. गाडीचं तोंड बाहेरच्या दिशेला ठेवून उभी करा, नळी झटकन सोडता येईल अशी ठेवा.

तलावातून किंवा ओढ्यातून पाणी ओढायचं तर पंप पाण्याच्या पातळीपासून सहा मीटरपेक्षा जास्त उंच नको. त्यापुढे पंपाला पुरेसं पाणी ओढता येत नाही आणि दाब पडतो. ओढनळीच्या टोकाची गाळणी तळाच्या गाळात टेकू देऊ नका. पाणी कमी असेल तर फोम (पाण्याचा फेस करणारं द्रावण) ०.१ ते १ टक्का मिसळा. धुमसणाऱ्या जमिनीत मुरायला कमी प्रमाण पुरतं.

आगीच्या तोंडाशी, म्हणजे ती पुढे सरकते त्या बाजूला, ज्वाळा २.४ मीटरपेक्षा लांब असतील तर कोणताच बंब समोरून नेऊ नका. बाजूने किंवा मागून काम सुरू करा.