घरात येण्याची परवानगी काढून घ्यायची असेल तर

‘या हो कधीही, घर तुमचंच आहे’ हे म्हणताना आपण विचार करत नाही. ते परत घ्यायची वेळ आली की जीभ जड होते. मग ‘सध्या जरा नको’, ‘बघू नंतर’ अशी टोलवाटोलवी चालते. समोरचा ते मनावर घेत नाही, आणि उद्या वाद झाला तर मनाई केली होती हे सिद्ध करता येत नाही.

आधी ठरवा, ही व्यक्ती घरात येते ती नक्की कशाच्या जोरावर. पाहुणा, मित्र, कामवाली बाई, ट्यूशनचे सर, जुना ड्रायव्हर यांच्याकडे फक्त परवानगी असते. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात तिलाच लायसन्स म्हटलं आहे. कलम ६० प्रमाणे काही अपवाद सोडले तर ती केव्हाही मागे घेता येते. भाडेकरूचं तसं नाही. आपल्या इंदूरमध्ये त्याला मध्यप्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम, १९६१ (इथला भाडे कायदा) लागू असेल तर कलम १२ मधलं कारण दाखवून कोर्टातूनच घर रिकामं करून घ्यावं लागतं. त्याचं सामान बाहेर काढून कुलूप ठोकलंत, तर तो सहा महिन्यांच्या आत ताब्यासाठी दावा लावू शकतो. घर ज्याच्याही नावावर आहे अशा सहमालकालाही तुम्ही एकट्याने बंदी घालू शकत नाही. सुनेच्या बाबतीत तर कुलपाला हात लावण्याआधी वकील गाठा: २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने तिला सामायिक घरात राहण्याचा हक्क आहे, आणि घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असलं तरी तो लागू होऊ शकतो, असं सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये म्हटलं आहे. आई-वडिलांच्या स्वकष्टार्जित घरात राहणारा सज्ञान मुलगा त्रास देत असेल तर वाट वेगळी, २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली एसडीएमकडे (उपविभागीय दंडाधिकारी) अर्ज करण्याची.

नुसती परवानगीच असेल, तर ती लेखी रद्द करा. व्हॉट्सअ‍ॅपवर चार ओळी पुरतात, पण त्यात तारीख, वेळ आणि जागा हवी: ‘तुम्हाला आमच्या फ्लॅटमध्ये येण्याची दिलेली परवानगी मी आज संध्याकाळी ६ पासून रद्द करत आहे. यापुढे मी स्वतः बोलावल्याशिवाय येऊ नये. दोन्ही किल्ल्या उद्यापर्यंत परत कराव्यात.’ कारणं लिहू नका, कारणांवर वाद घालता येतो. हाच मजकूर हिंदीतही पाठवा, कारण इथल्या पोलीस ठाण्यात तो हिंदीतच वाचला जाणार. प्रकरण चिघळण्यासारखं असेल तर स्पीड पोस्टनेही पाठवून पावती जपा. आणि मल्टीत (बहुमजली इमारतीत) राहत असाल तर बंदी आपल्या दाराच्या आतपुरतीच. जिना आणि पार्किंग सगळ्यांचं असतं.

माणूस घरात मुक्कामालाच असेल, तर निघायला आणि सामान न्यायला वाजवी वेळ द्यावाच लागतो (कलम ६३). लाइट-पाणी तोडून त्याला हुसकायला जाऊ नका, तक्रार उलटी तुमच्यावर येते.

किल्ली परत आली म्हणजे काम झालं असं समजू नका. डुप्लिकेट करायला पाच मिनिटं लागतात. मॉर्टाइज लॉक (दाराच्या आत बसवलेलं कुलूप) असेल तर अख्खं कुलूप बदलायची गरज नाही, फक्त सिलिंडर, म्हणजे किल्ली घालायचा भाग, बदला. दाराच्या कडेला, बोल्टच्या पट्टीवर, सिलिंडरच्या रेषेत एक लांब स्क्रू असतो. तो काढा, किल्ली घालून किंचित फिरवा आणि सिलिंडर ओढा. किल्ली सरळ ठेवून ओढलात तर मधला दात अडकतो. जुना सिलिंडर दुकानात घेऊनच जा: ६० आणि ७० मिलिमीटर वरवर सारखेच दिसतात, पण लांब निघाला तर बाहेर डोकावतो आणि पकडीने मोडता येतो. डिजिटल लॉक असेल तर पिन, बोटाचा ठसा, कार्ड आणि अ‍ॅपमधलं शेअरिंग, चारही काढा. शेवटचं हमखास राहतं. टाउनशिपच्या गेट अ‍ॅपमधला रोजच्या येण्याजाण्याचा कोड आणि गार्डच्या रजिस्टरमधलं नावही काढायला लावा.

तरीही तो आत आला, तर बाहेर जायला सांगा, अंगावर जाऊ नका, ११२ लावा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ खाली गृह-अतिक्रमणाला एक वर्षापर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. पण नुसतं ‘घरात शिरला’ एवढ्यावर पोलिसांकडचा अर्ज लंगडा पडतो. धमकावणं, अपमान, त्रास किंवा गुन्हा करण्याचा हेतू दिसावा लागतो, म्हणून तो काय बोलला, काय केलं, कोण हजर होतं, हे वेळेसकट लिहा. मनाईच्या मेसेजची प्रत जोडा. कॅमेऱ्याची क्लिप त्याच दिवशी काढून ठेवा. कार्ड भरलं की जुनं पुसलं जातं.

आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. बंदी घातल्यावर महिन्याभरात गणपतीच्या आरतीला ‘चल, ये रे’ म्हणून त्याला आत घेतलंत, तर परवानगी पुन्हा दिली असा अर्थ काढता येतो. मग नवा मेसेज, नवी तारीख.