मराठी सब्स्टिट्यूशन सायफर बनवताना या चुका टाळा

सायफर म्हणजे मजकूर गुप्तपणे लिहायची रीत. सब्स्टिट्यूशन सायफरमध्ये प्रत्येक अक्षराच्या जागी ठरलेलं दुसरं अक्षर येतं. ज्युलियस सीझर अक्षरं तीन घरं पुढे सरकवायचा. तीच रीत मराठीत वापरायची तर क ते ह आणि शेवटी ळ अशी ३४ व्यंजनं ओळीने लिहा. क्ष आणि ज्ञ ही जोडाक्षरं आहेत, त्यांना वेगळं घर नको. आता दादरचं 'पापश' होतं आणि परळचं 'भशग', कारण ळ नंतर पुन्हा क पासून मोजायचं.

ळ विसरणे. पाठवणाऱ्याने ३४ अक्षरं धरली आणि उलगडणाऱ्याने ळ सोडून ३३, तर बहुतेक मजकूर बरोबर येतो, पण सायनचं 'षायन' होतं आणि माहीमचं 'मासीम'. फक्त तक्त्याच्या टोकाची अक्षरं चुकत असतील तर चावी (म्हणजे किती घरं सरकवायचं तो आकडा) तपासत बसू नका, दोघांचे तक्ते शेजारी ठेवून अक्षरं मोजा.

मात्रा जशाच्या तशा ठेवणे. मराठीत सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. नुसती व्यंजनं बदलली की 'आहे'चं 'आखे' होतं आणि 'नाही'चं 'बाखी'. हे दोन शब्द पानावर चार-पाच वेळा दिसले की वाचणाऱ्याला ह आणि न फुकटात मिळाले. माहीमचं 'लाखील' होतं: पहिलं आणि शेवटचं अक्षर एकच, मधे दीर्घ ई. रेल्वेचा नकाशा समोर असेल तर हे स्टेशन ओळखायला चावी लागतच नाही.

उपाय असा: शब्द आधी फोडून लिहा, म् + आ, ह् + ई, म् + अ. स्वरांचा वेगळा तक्ता करा: अ आ इ ई उ ऊ ए ऐ ओ औ, शिवाय 'बॅग' आणि 'ऑफिस'साठी ॲ आणि ऑ. स्वरही तीन घरं सरकवले की 'लुखेली' मिळतं. अनुस्वार असेल तर मुंबईचं आधी 'मुम्बई' करून घ्या. शब्दांमधल्या मोकळ्या जागा काढून पाच-पाच अक्षरांचे गट पाडा, नाहीतर शब्दांची लांबीच चुगली करते.

चावीचा शब्द नीट न निवडणे. सरकवण्याऐवजी नेहमीच्या ३४ व्यंजनांच्या ओळीखाली चावीच्या शब्दातली व्यंजनं आधी लिहून त्यापुढे उरलेली मांडायची आणि वरच्या अक्षराच्या जागी खालचं वापरायचं, ही पद्धत जास्त चांगली. पण चावी 'दादर' घेतली तर दुसरा द गळतो, हाती द आणि र हे दोनच उरतात आणि र च्या पुढची ल, व, श, ष, स, ह, ळ ही सातही अक्षरं आपापल्या घरी राहतात. वसई लिहा, स्वर न बदलता वसईच बाहेर येते! 'परळ' ही चावी घ्या. तिच्यात ळ असल्यामुळे एकही अक्षर जागेवर राहत नाही.

कोडमध्ये युनिकोडचा आकडा वाढवणे. युनिकोड म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला दिलेला आकडा. त्यात न आणि प यांच्यामध्ये नुक्ता (खाली टिंब) असलेला ऩ बसलेला आहे, त्यामुळे न मध्ये ३ मिळवले की ब ऐवजी फ येतो. स मध्ये ३ मिळवले तर व्यंजनच उरत नाही, एक मात्रा येते. अक्षरांची यादी स्वतः टाइप करा आणि तिच्यातला क्रमांक वापरा. 'किनाऱ्यावर'मध्ये प्रोग्रॅम अडकला तर समजा की तो ऱ वेगळ्या आकड्याने साठवलेला आहे. सुरुवातीलाच त्याचा र करून टाका.

मोठ्या आकड्यावर भरवसा ठेवणे. ३४ अक्षरं वाटेल तशी मांडायचे प्रकार ३९ अंकी संख्येइतके आहेत. तरीही सायफर फुटतो, कारण कोणीही ते सगळे प्रकार तपासत नाही. कोणतं अक्षर किती वेळा येतं ते मोजलं जातं. अरब विद्वान अल-किंदीने ही रीत नवव्या शतकातच लिहून ठेवली. मराठीत तर चा, ची, चे, ला, ने हे प्रत्यय सतत येतात, त्यामुळे एक परिच्छेद हाती लागला तरी पुरतं. सराव म्हणून, शाळेच्या प्रोजेक्टसाठी हा सायफर उत्तम. मोबाइलमध्ये बँकेचा पिन लिहून ठेवायला मात्र वापरू नका: अंक सरकवले असतील तर तपासायच्या शक्यता फक्त ९.