घरात कुणी सिरीयस असेल तर देव आणि दवाखाना दोन्ही कसं सांभाळायचं

बेळगावात दवाखान्यात नर्स म्हणून माझी सगळी नोकरी झाली. गळ्यात तुळशीची माळ लग्नाआधीपासून आहे. म्हणून खानापूर, येळ्ळूर, निपाणीकडचे पाहुणे फोन करून विचारतात, "अक्का, आता काय करायचं?" त्यांना जे सांगते तेच इथं लिहिते.

आधी आजारी माणसाला विचारा. घरातला जो तो आपला देव घेऊन येतो. कुणी जोतिबाचा गुलाल आणतं, कुणी चिंचलीच्या मायाक्काचा भंडारा, कुणी देवरुष्याकडचा दोरा. ज्याचा जीव टांगणीला लागलाय त्याला काय हवंय हे मात्र कुणी विचारत नाही. खाटेजवळ एकट्यानं बसा आणि म्हणा, "मामा, मनाला काय लागून राहिलंय? कुणाला भेटायचंय? कुठला नवस राहिलाय?" मग गप्प बसा. उत्तर यायला वेळ लागतो. पुष्कळदा ते देवाबद्दल नसतंच. बोलणं तुटलेली बहीण असते, नाहीतर भावाच्या नावावर राहिलेलं शेत.

खानापूरकडची एक आजी रात्र-रात्र तळमळायची. इंजेक्शन देऊनही डोळा लागेना. विचारल्यावर कळलं, सौंदत्तीच्या यल्लम्माला बोललेली खणा-नारळाची ओटी राहिली होती. नातू जाऊन ओटी भरून आला. त्यानं आणलेला भंडारा आजीनं स्वतःच्या हातानं कपाळाला लावला, आणि त्या रात्री झोपली. दुखणं होतं तिथंच होतं, औषधही चालूच होतं. पण मनावरचं ओझं उतरलं होतं.

म्हणून नवस फेडा, गाऱ्हाणं घाला, कौलही लावा. फक्त ऑपरेशन करायचं की नाही याचा कौल लावू नका, ते डॉक्टरांना विचारा. अंगारा कपाळाला लावा. पाण्यात कालवून पाजू नका, जखमेवर तर टाकूच नका. ऑक्सिजन चालू असेल तिथं उदबत्ती, कापूर, निरांजन काही पेटवायचं नाही, आगीचा धोका असतो. आणि "मागच्या जन्मीचं भोगतोय" किंवा "कुणीतरी करणी केलीय" हे खाटेजवळ कुणालाही बोलू देऊ नका, वडीलधाऱ्यांनाही नाही. आजारी माणूस देवावर चिडला तर चिडू द्या. विठ्ठलाशी भांडायला संतांनीच आपल्याला शिकवलंय.

एकादशीचं सांगते. साखरेचा पेशंट इन्सुलिन घेऊन उपाशी राहिला तर साखर एकदम उतरते, घाम सुटतो, हातपाय कापतात. उलट ताटभर साबुदाण्याची खिचडी खाल्ली तर साखर चढते. उपवास करायचाच असेल तर आधीच डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्या. आजाऱ्यानं जेवून हरिपाठ म्हटला तर विठोबा रागावत नाही.

आपल्याकडं एकाच वॉर्डात कुणी हरिपाठ म्हणतं, पलीकडं लिंगायत आजोबांच्या गळ्यात इष्टलिंग असतं, कोपऱ्यातलं जैन कुटुंब णमोकार म्हणतं. मोबाईलचा आवाज आपल्या खाटेपुरता ठेवा. म्हाताऱ्या माणसाला फक्त मराठी कळत असेल तर भरती करतानाच सिस्टरना सांगून ठेवा. बऱ्याच जणी कन्नडमधून विचारतात, आणि बिचारा पेशंट कळलं नाही तरी मान हलवतो.

कॅन्सरच्या शेवटच्या दुखण्यात मॉर्फिन सुचवलं की माळकरी घरातून हमखास प्रश्न येतो, "शुद्ध हरपली तर शेवटी नाम कसं घेणार?" ही भीती खरी आहे, तिला हसू नये. पण बेतानं वाढवत नेलेल्या डोसनं आधी वेदना कमी होते. सुरुवातीला थोडी गुंगी येते, ती बहुधा काही दिवसांत उतरते. वेदनेनं पिळवटलेल्या माणसाच्या तोंडून नाम निघत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. डॉक्टरांना सरळ सांगा, "बाबांना शेवटपर्यंत नाम घ्यायचंय, डोस तसा बघा."

शेवटच्या दिवसांत भूक जाते. तेव्हा बळेच भरवू नका. तीर्थ द्यायचं तर तुळशीचं पान गंगाजलात बुडवून ओठांना लावा. चमच्यानं ओतलं तर पाणी फुप्फुसात जातं. ओल्या फडक्यानं तोंड पुसत राहा आणि दर दोन तासांनी कूस बदला. श्वास थांबून थांबून येतो, घशात घरघर होते, पाय गार पडतात. ऐकू येणं शेवटपर्यंत राहतं असं समजूनच वागा. तिरडीच्या आणि वाटणीच्या गोष्टी अंगणात बोला, कानाशी नाम घ्या.

व्हेंटिलेटर नको, घरीच देवासमोर जायचं, असं कुणाचं ठाम असेल तर शुद्धीत असतानाच लिहून ठेवता येतं. सुप्रीम कोर्टानं 2018 साली हे मान्य केलं आणि 2023 मध्ये रीत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही लागते. आपल्या वतीनं कुणी निर्णय घ्यायचा त्यांची नावंही त्यात घाला. कर्नाटक सरकारनंही 30 जानेवारी 2025 ला याचा आदेश काढलाय.

डोळे दिले तर पुढच्या जन्मी आंधळेपण येतं, असं अजून ऐकायला मिळतं. मी माझे द्यायला सांगून ठेवलेत. माणूस गेला की लगेच नेत्रपेढीला कळवायचं, कारण सहा तासांच्या आत डोळे काढून घ्यावे लागतात; पापण्या मिटवून त्यावर ओला कापूस ठेवायचा, उशी थोडी उंच करायची, पंखा बंद करायचा.

दहाव्याला कावळा शिवला नाही म्हणून घरच्यांना छळू नका. "काय इच्छा राहिली, कुणी सेवा केली नाही," ही चर्चा रात्रंदिवस उशाशी बसलेल्या सुनेच्या फार जिव्हारी लागते. दर्भाचा कावळा करून शिववा आणि विधी पुरा करा. तेराव्यानंतर मांडव निघतो, पाहुणे जातात. तेव्हा त्या सुनेला फोन करा, जमलं तर दोन दिवस माहेरी घेऊन जा. उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या घरात ठेवू नका, ज्या दवाखान्यातून आणल्या तिथं परत द्या.