टीसीएल, ब्लीचिंग पावडर की ब्लीच? पाण्यात टाकायच्या आधी या चुका टाळा

गावच्या पाणीपुरवठ्याचं काम बघायला लागलो त्याच आठवड्यात शेजारच्या काकूंनी विचारलं, "काय रे, टाकीत ते ब्लीच टाकता म्हणे तुम्ही, पोरी तोंडाला लावतात ते?" तेव्हा हसलो, पण खरं सांगायचं तर निम्म्या चुका या नावाच्या घोळातूनच होतात.

टीसीएल म्हणजे ट्रॉपिकल क्लोराइड ऑफ लाइम. आपली ब्लीचिंग पावडरच, फक्त उष्ण हवेत लवकर मरू नये म्हणून त्यात कळीचा चुना जास्त घातलेला असतो. शाळेत घोकलेलं 'विरंजक चूर्ण' तेही हेच. विरंजक म्हणजे रंग घालवणारं, कारण ही पावडर मुळात कापड पांढरं करायला निघाली, स्कॉटलंडच्या चार्ल्स टेनंटने १७९९ साली पेटंट घेतलं ते त्यासाठी, जंतू मारायचं काम तिच्या गळ्यात नंतर पडलं. पार्लरमधलं ब्लीच सहसा हायड्रोजन पेरॉक्साइडचं असतं आणि बाटलीतलं पातळ ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, त्यामुळे एकाचं माप दुसऱ्याला लावायचं नाही. आणि हो, तुरटी म्हणजे टीसीएल नव्हे! तुरटी गढूळपणा खाली बसवते, जंतू टीसीएल मारतं, त्यातल्या क्लोरीनने. पावसाळ्यात लाल पाण्यात नुसती पावडर टाकली तर निम्मा क्लोरीन त्या घाणीशी झटापट करण्यातच संपतो, म्हणून आधी पाणी निवळू द्या.

आता सगळ्यात कॉमन चूक, गोणीवरचा आकडा खरा धरणं. ताज्या पावडरीत क्लोरीन साधारण ३३ टक्के असतो, पण गोणी उघडी राहिली, ओल लागली, ऊन लागलं की तो उडत जातो आणि २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर पिण्याच्या पाण्याला चालत नाही. लोक म्हणतात वास येतोय म्हणजे माल कडक आहे, अहो, वास येतोय म्हणजे क्लोरीन गोणीतून बाहेर चाललाय! ढेकळं झालेली पावडर तर चुनाच समजा. आमच्याकडे कोणीतरी शहाणपणाने ती पत्र्याच्या डब्यात भरून ठेवली होती, दिवाळीपर्यंत डब्याचा तळ गंजून गळून पडला. प्लास्टिकचा घट्ट झाकणाचा डबा घ्या, सावलीत कोरड्या जागी ठेवा आणि खतापासून, पेट्रोल-रॉकेलपासून लांब.

माप १००० लिटरला ५ ग्रॅम, हे ३३ टक्केवाल्या पावडरीचं. विहिरीला मात्र लोक हमखास चुकतात कारण विहिरीची खोली धरतात, धरायची असते पाण्याची खोली. गोल विहीर ४ मीटर रुंद आणि पाणी ३ मीटर खोल असेल तर ४ गुणिले ४ गुणिले ३ गुणिले ०.७८५, म्हणजे ३७.७ घनमीटर, म्हणजे जवळपास ३८ हजार लिटर, त्याला १९० ग्रॅम. मुठीने अंदाज नको, किराणावाल्याकडून वजन करून आणा. पाणी रोज वरखाली होतं, त्यामुळे गेल्या महिन्याचं गणित या महिन्यात चालत नाही.

कोरडी पावडर थेट टाकीत भिरकावू नका. मी स्वतः पहिल्यांदा हेच केलं होतं, खाली पांढरा थर बसला आणि वरच्या आळीतल्या नळाला चुनकट पाणी, मग फोनवर फोन. प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात पावडर कालवायची, बादली पाऊण भरेपर्यंत पाणी घालून ढवळायचं, एका बादलीला १०० ग्रॅमच्या वर नको, मग ५-१० मिनिटं तशीच ठेवायची. वरचं निवळलेलं पाणी दुसऱ्या बादलीत ओतून घ्यायचं, खालचा चुन्याचा गाळ विहिरीत किंवा टाकीत जाऊ द्यायचा नाही. विहिरीत असेल तर बादली दोरीने पाण्याखाली सोडून पोहऱ्यासारखी वरखाली हिसडायची. तोंडावर रुमाल, हातात मोजे. त्यानंतर निदान एक तास पाणी सोडायचं नाही, आम्ही रात्रीच टाकतो म्हणजे सकाळपर्यंत निवांत.

संडासाच्या ॲसिडवाल्या क्लीनरबरोबर ही पावडर कधीच मिसळू नका, जागेवर क्लोरीन वायू सुटतो आणि बंद बाथरूममध्ये छाती भरून येते.

शेवटी ओटी टेस्ट, म्हणजे ऑर्थोटोलिडिन नावाच्या द्रावणाने पाण्यात क्लोरीन उरलाय का ते बघणं. टाकीखालच्या नळाला करून मोकळं होतात लोक, करायची असते गावातल्या शेवटच्या नळाला. नळीतल्या पाण्यात ओटीचे थेंब टाकले की पिवळा रंग १० सेकंदाच्या आत क्लोरोस्कोपशी, म्हणजे रंगाच्या पट्ट्यांच्या डबीशी, जुळवून बघायचा, उशिरा येणारा पिवळेपणा पाण्यातल्या लोहामुळेही येतो. लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला पाहिजे, साथ असेल तर ०.५. तपासलेलं पाणी ओतून द्यायचं, ते ओटी विषारी असतं. रंगच नाही आला तर आधी पावडर जुनी आहे का बघा, मग माप, मग मधे कुठे पाइप फुटून गटाराचं पाणी शिरतंय का ते. आमच्याकडे तीनदा पावडर वाढवून पाहिली, शेवटी लिकेज निघालं ते मोरीखालच्या जॉइंटला.