ठिबक यंत्रणेची संभाव्य वर्तने कशी मांडावीत

यंत्रणा आज काय करते याच्या नोंदीपेक्षा ती काय काय करू शकेल याची मांडणी आधी करावी, कारण नुकसान बहुधा न नोंदलेल्या अवस्थेतूनच होते. उदाहरणासाठी नाशिकजवळच्या दिंडोरी तालुक्यातील एखादी द्राक्षबाग घेऊ.

प्रथम चले, म्हणजे यंत्रणेतील बदलू शकणाऱ्या गोष्टी, निवडावीत: थ्री फेज वीज आहे की नाही, पंप चालू की बंद, आणि दोन प्लॉटांचे दोन व्हॉल्व्ह उघडे की मिटलेले. प्रत्येकाच्या दोन शक्यता धरल्यास एकूण १६ अवस्था होतात. सायबरनेटिक्स, म्हणजे यंत्रणांच्या नियंत्रणाचे शास्त्र, मांडणारे डब्ल्यू. रॉस ॲशबी यांनी १९५६ साली जिला विविधता म्हटले, ती म्हणजे शक्य अवस्थांची हीच संख्या.

त्यानंतर बंधने लावावीत. विजेविना पंप चालत नाही, म्हणून चार अवस्था गळतात आणि १२ उरतात. पंप चालू असताना दोन्ही व्हॉल्व्ह बंद, ही अवस्था मात्र अशक्य नसून केवळ नकोशी आहे. ती खोडू नये, वेगळ्या खुणेने ठेवावी. अशक्य आणि अनिष्ट यांची गल्लत झाली की पुढची सारी मांडणी फसते.

आता प्रत्येक अवस्थेतून कोणत्या घटनेने कोठे जाता येते याचे बाण काढावेत, कारण वर्तन म्हणजे एकटी अवस्था नव्हे, तर अवस्थांचा क्रम. रात्री वीज जाते, पंप थांबतो, गडी दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून घरी जातो; पहाटे वीज येताच ऑटो स्टार्टर पंप सुरू करतो आणि सगळा दाब बंद पाइपलाइनवर येतो. यातील प्रत्येक पायरी एकेकटी निर्धोक दिसते, धोका बाण जोडल्यावरच कळतो.

एकाच अवस्थेत एकाच घटनेचे परिणाम कधी एक, कधी दुसरे असे येत असतील, तर एखादे चल सुटले आहे असे समजावे. ठिबकमध्ये ते बहुधा तुंबलेला फिल्टर असते. त्याच्या दोन्ही बाजूंच्या दाबातील फरक तक्त्यात घ्यावा.

शेवटी नियंत्रकाकडे पाहावे. ॲशबी यांच्या नियमानुसार, नियंत्रकाजवळ पुरेशी विविधता नसेल तर बाहेरच्या विविधतेला तो आवर घालू शकत नाही. ऑटो स्टार्टरला केवळ वीज ओळखता येते, व्हॉल्व्ह नाही. पंपाच्या पुढे प्रेशर स्विच बसवून तो स्टार्टरला जोडल्यास दाब वाढताच पंप थांबतो. मात्र त्यानंतर स्विच हेही चल धरून बाण पुन्हा काढावेत, कारण बिघडलेला स्विच ही नवी अवस्था असते.