डागडुजी झाली, तरी विहिरीचं पाणी लगेच पिऊ नका

मे महिना म्हणजे विदर्भात विहिरींच्या कामाचा महिना. पाणी तळाला गेलेलं असतं आणि मृगाच्या आत खचलेली बाजू बांधून घ्यायची घाई असते. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि बांधकामाला ढकलत राहते, त्यामुळे हे काम कुणाला सुटत नाही. पण काम संपलं की दुसऱ्याच दिवशी घरी गुंड भरून जातो, ते चुकतं. इतके दिवस आत माणसं उतरली, नाल्याची रेती, चिखलाचे पाय, जुने दोर, टोपल्या सगळं आत गेलं. म्हणून टीसीएल पावडरनं, म्हणजे ब्लिचिंग पावडरनं, निर्जंतुक केल्याशिवाय ते पाणी लेकरांना पाजू नका.

आधी गाळ, सेंट्रिंगच्या फळ्या, सिमेंटचे तुकडे सगळं बाहेर काढा. भिंती ब्रशनं घासा आणि ते गढूळ पाणी उपसून टाका. पाणी गढूळ असलं की क्लोरीन गाळावरच खर्च होतं.

उतरताना जीव सांभाळा. डिझेल इंजिन विहिरीत उतरवून चालवू नका. त्याच्या धुरातला विषारी कार्बन मोनॉक्साइड वायू आत साचतो, त्याला वास नसतो आणि कंदील विझला नाही म्हणून हवा चांगली आहे असं होत नाही. कमरेला दोर, वर दोन माणसं, आणि खालचा माणूस चक्कर येऊन पडला तर त्याच्या मागे उडी घ्यायची नाही. त्याला दोरानंच ओढायचं. पावडर टाकताना तर आत कुणीच नको.

आता माप. विहिरीचा व्यास फुटात घ्या, त्याला व्यासानंच गुणा, मग पाण्याच्या खोलीनं आणि शेवटी २२ नं. आलेला आकडा लिटरचा. दर १००० लिटरला २०० ग्रॅम टीसीएल लागतं, पावडरमध्ये २५ टक्के क्लोरीन आहे असं धरून. १० फूट रुंद विहिरीत ६ फूट पाणी असेल तर साधारण १३,२०० लिटर, म्हणजे अडीच किलोच्या थोडं वर. २० फुटी विहिरीत ८ फूट पाणी असेल तर हाच हिशेब १४ किलोवर जातो. म्हणून मोठ्या विहिरीत पाणी २ फुटांवर आणून घ्या, साडेतीन किलोत भागतं. मात्र तेच क्लोरीनचं पाणी पाइपनं भिंतींवर वरपर्यंत मारायला विसरू नका.

पावडर कोरडी, बंद पाकिटातली, ताजी घ्या. ओल लागून गोळे झालेली असेल तर तिच्यात दम उरलेला नसतो. युरिया, डिझेल किंवा फवारणीच्या औषधाशेजारी ती कधीच ठेवू नका. प्लास्टिकच्या बकेटात पाणी घेऊन त्यात थोडी थोडी पावडर कालवा. नाक-तोंड बांधलेलं असू द्या आणि वारा पाठीवर घ्या. १० मिनिटांत चुना खाली बसतो, वरचं निवळ पाणीच विहिरीत ओता. मग दोराची बादली पाण्याखाली सोडून जोरानं वर-खाली हलवा. मोटर चालवून पाइपात आणि नळाला क्लोरीनचा वास येईपर्यंत पाणी जाऊ द्या, मग बंद करा.

१२ ते २४ तास कुणी पाणी घ्यायचं नाही. शेजारच्या वावरवाल्यांना, गुराख्यांना सांगून ठेवा, ढोरांनाही हे पाणी नको. नंतर वास जाईपर्यंत उपसा. ते पाणी पडीत जमिनीवर सोडा. पिकात, ठिबकमध्ये किंवा मासे असलेल्या नाल्यात नको.

आठवड्यानं एच टू एस बाटलीत (पाण्यातले जंतू तपासायची बाटली) पाणी भरून सावलीत ठेवा. दोन दिवसांत काळं पडलं तर पुन्हा सगळं करा आणि घाण कुठून झिरपते ते शोधा. बाटली कुठे मिळेल ते ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला विचारा. पावसाळ्यात पिण्याच्या विहिरीला रोज १००० लिटरला अडीच ग्रॅम टीसीएल पुरतं. टाकल्यावर तासभर थांबा आणि पाण्यात क्लोरीन उरलं का ते ओटी टेस्टनं पाहा.

खारपाणपट्ट्यातला खारटपणा किंवा यवतमाळ-चंद्रपूरकडचं फ्लोराइड टीसीएलनं जात नाही, त्यासाठी प्रयोगशाळेतच तपासणी हवी. कीटकनाशकही जात नाही, तेव्हा फवारणीचा पंप विहिरीच्या काठावर भरू नका. मिस्त्री अजून गावातच असेल तर त्याच्याकडून अडीच फुटी कठडा आणि भोवती तीन फुटी ओटा, बाहेर उतार देऊन, करून घ्या. नाहीतर पहिल्याच पावसाचं पाणी भेगांतून आत उतरेल.