आखूड नळी, जड गोळी: पावडर निवडण्याआधीची तयारी

पावडरचा डबा विकत घेण्याआधी एक गोष्ट पक्की करावी. गोळी आवाजाच्या वेगाच्या वर न्यायची आहे की खाली ठेवायची आहे? अमेरिकेत आखूड नळीच्या रायफलीसाठी घरी काडतुसे भरणाऱ्या बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो, कारण या दोन कामांसाठी पावडर निवडण्याचे नियम वेगळे आहेत. ‘नळी आखूड, म्हणून पावडर झटपट जळणारी घ्या’ हा सल्ला पहिल्या कामात चुकतो आणि दुसऱ्यात धोक्याचा ठरतो.

पहिले काम लवकर उरकते. .३०८ विंचेस्टर हे काडतूस, १६ इंची नळी आणि १७५ ते १८० ग्रेनची (ग्रेन हे वजनाचे लहान माप) गोळी धरा. काडतुसातला दाब नळीच्या पहिल्या काही इंचांतच शिखर गाठतो आणि मग उतरत जातो. त्यामुळे पूर्ण दाबाच्या लोडमध्ये (पावडर, गोळी आणि प्रायमरच्या जुळणीत) २४ इंची नळीत जी पावडर सर्वाधिक वेग देते, तीच सहसा १६ इंचीतही पुढे राहते. आखूड नळीत वेग घटतो, दर इंचाला साधारण २० ते २५ फूट प्रतिसेकंद. पण पावडर बदलून ही घट भरून निघत नाही. म्हणून निवड पुंगळीचे (काडतुसाच्या पितळी कवचाचे) आकारमान आणि गोळीचे वजन पाहून करावी. इथे व्हार्गेट, आयएमआर ४०६४ आणि रीलोडर १५ ही नेहमीची नावे आहेत. एच ४८३१सारखी संथ पावडर टाळावी, कारण .३०८च्या पुंगळीत पुरेसा दाब तयार होण्याआधीच जागा संपते. रायफल गॅसवर चालणारी (झाडल्यावरच्या गॅसने पुढचे काडतूस आपोआप भरणारी) असेल तर आणखी एक कारण आहे: संथ पावडरने गॅसच्या छिद्रापाशी दाब जास्त उरतो आणि बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता भाग) जोराने आपटतो. तोंडाशी उठणारा भडका मात्र आखूड नळीत वाढतोच, आणि पहाटे-संध्याकाळी शिकार करणाऱ्याने भडका कमी करणारे मिश्रण असलेली पावडर निवडली तर डोळ्यांना फरक कळतो.

दुसऱ्या कामाला जास्त वेळ द्यावा. .३०० ब्लॅकआउट या काडतुसाला सामीची (काडतुसांची मानके ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेची) मान्यता २०११ मध्ये मिळाली. ९-१० इंची नळी आणि सप्रेसर (आवाज दाबणारे नळकांडे) हे त्याचे घर. त्यात २२० ग्रेनची गोळी आवाजाच्या वेगाखाली ठेवायची असते. २० अंश सेल्सियसला आवाजाचा वेग सुमारे १,१२५ फूट प्रतिसेकंद असतो, पण उणे २० अंशांना तो १,०४५च्या आसपास उतरतो. टेक्सासच्या उन्हाळ्यात १,०६० फुटांवर शांत राहणारा लोड मिनेसोटाच्या थंडीत फटाका वाजवू शकतो. पावडरही थंडीत थोडी मंदावते, पण त्या भरवशावर राहू नये. क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) सरासरी १,००० ते १,०२० धरावी, म्हणजे बारा महिने एकच लोड चालतो.

आता पावडर. इतक्या कमी वेगासाठी झटपट जळणारी पावडर चिमूटभर पुरते, आणि मोह तिथेच होतो. पण चिमूटभर पावडरचा गॅसही कमी. ब्लॅकआउटच्या बहुतेक आखूड रायफलींत गॅसचे छिद्र चेंबरपासून (काडतूस बसते त्या नळीच्या मागच्या भागापासून) सुमारे ४ इंचांवर असते. तिथवर दाब उतरलेला असेल तर बोल्ट पुरता मागे जात नाही आणि पुंगळी अडकते. म्हणून त्याच वेगासाठी जास्त वजनाने भरावी लागणारी, तुलनेने संथ पावडर हवी. ॲक्युरेट १६८० याच कारणाने लोकप्रिय आहे, आणि हॉजडन या पावडर कंपनीची सीएफई बीएलकेही त्याच जातीची आहे. दोन्हींचे दाणे गोल असल्याने मापातून एकसारखे पडतात. दुसरा फायदा सुरक्षेचा आहे. पिस्तुलाच्या पावडरचा दुहेरी चार्ज (एका काडतुसाची पावडर चुकून दोनदा पडणे) पुंगळीत दिसतही नाही आणि रायफल फोडतो, तर १६८० दोनदा पडली तर पुंगळी तोंडाशी भरलेली दिसते आणि गोळी नीट बसत नाही.

एच ११० आणि विंचेस्टर २९६ ही एकच पावडर आहे. ११० ते १२५ ग्रेनच्या हलक्या, वेगवान गोळ्यांना ती फार छान जमते. पण छापील चार्ज ३ टक्क्यांहून जास्त कमी करू नका, असे हॉजडनच सांगते. ‘थोडी कमी करून सबसॉनिक (आवाजाच्या वेगाखालची) करू’ म्हणणाऱ्याची गोळी नळीत अडकू शकते, आणि मागून दुसरी झाडली तर नळी फुटते. म्हणून आवाज मऊ किंवा वेगळा वाटला की थांबावे, रायफल रिकामी करावी, पितळी दांडी आत घालून नळी मोकळी असल्याची खात्री करावी. बाकावर दांडी नसेल तर सबसॉनिक लोडची चाचणी सुरूच करू नये.

चार्जचे आकडे इथे मुद्दाम दिलेले नाहीत. ते पावडर कंपनीच्या चालू माहितीपुस्तकातून, नेमक्या त्याच गोळीसाठी घ्यावेत. वजन सारखे असले तरी निव्वळ तांब्याची गोळी लांब असते, पुंगळीत जास्त जागा खाते आणि दाब बदलते. पुस्तकातल्या सुरुवातीच्या चार्जपासून ०.२ ग्रेनच्या टप्प्यांनी चढावे, कारण इतक्या लहान पुंगळीत अर्धा ग्रेन ही मोठी उडी आहे. नावेही नीट वाचावीत: एच ४८९५ आणि आयएमआर ४८९५ या वेगळ्या पावडरी आहेत. बाकावर एका वेळी एकच डबा उघडा असावा, आणि काम संपल्यावर मापातली पावडर त्याच डब्यात परत जावी.

पुंगळ्या .२२३ या बारीक गोळीच्या काडतुसाच्या कापून केल्या असतील तर खांद्याखालची जाड भिंत नवी मान (गोळी पकडणारा पुढचा भाग) बनते. गोळी बसवल्यावर मानेचा बाहेरचा व्यास ०.३३४ इंचाच्या वर नसावा. तो वाढला की चेंबरमध्ये मानेला फुगायला जागा उरत नाही आणि दाब भलताच चढतो. पुंगळीची लांबी कमाल १.३६८ इंच, छाटून १.३५८. पूर्ण काडतूस २.२६० इंचांच्या आत. मानेची पकडही तपासावी: मॅगझिनमधून वर येताना गोळी आत ढकलली गेली तर जागा घटते आणि दाब वाढतो.

मग रायफलीकडे वळावे. २२० ग्रेनच्या लांब गोळीला दर ८ किंवा ७ इंचांत एक फेरा असलेला नळीतला पीळ लागतो. सप्रेसर लावण्याआधी २५ यार्डांवर कागदी लक्ष्यावर झाडून भोके गोल पडतात का ते पाहावे. लांबट भोक म्हणजे गोळी डुलते आहे, आणि डुलणारी गोळी सप्रेसरच्या आतल्या पडद्यांना धडकते. नंतर मॅगझिनमध्ये एकच काडतूस घालून झाडावे. झाडल्यावर बोल्ट मागेच थांबून राहिला तर गॅस पुरेसा आहे. ही चाचणी सप्रेसरसह आणि सप्रेसरशिवाय, दोन्ही प्रकारे करावी, कारण सप्रेसरने मागचा दाब वाढतो आणि त्याच्याविना तोच लोड निकामी ठरू शकतो. पुंगळी अर्धी रिकामी असल्याने पावडर पुढे आहे की मागे, यावरही वेग बदलतो. नळी वर करून मग आडवी धरून पाच, आणि खाली करून मग आडवी धरून पाच गोळ्या झाडाव्यात. सरासरीत ५० फुटांहून जास्त फरक आला तर पावडर बदलावी, चार्ज रेटू नये.

शिकारीसाठी गोळीची निवड पावडरइतकीच महत्त्वाची आहे. २२० ग्रेन १,०२० फुटांवर सुमारे ५०० फूट-पौंड ऊर्जा नेते. साधी स्पर्धेची गोळी या वेगाला उमलत (आत शिरल्यावर पसरत) नाही आणि जनावर जखमी होऊन निघून जाते. सबसॉनिक वेगाला उमलण्यासाठीच बनवलेली गोळी घ्यावी, नाहीतर शिकारीला वेगवान लोड वापरावा.

कागदपत्रे उरकूनच पुढे जावे. १६ इंचांपेक्षा आखूड नळीची रायफल आणि सप्रेसर दोन्हींची नोंदणी १९३४च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टखाली लागते, आणि काही राज्यांत त्यांना बंदीच आहे. स्वतःपुरती काडतुसे भरायला संघराज्याचा परवाना लागत नाही, विकायला लागतो. भारतात मात्र १९५९च्या शस्त्र अधिनियमाखाली परवान्याविना काडतुसे बनवणे हा गुन्हा आहे, तेव्हा सुट्टीत गावी आल्यावर हा उद्योग करू नये.

पावडर एकाच लॉटची, पुरेशी घ्यावी. एका पौंडात ७,००० ग्रेन असतात, पुस्तकातल्या चार्जने भागले की काडतुसांची संख्या कळते. लॉट बदलला की पुन्हा खालून चढावे. डबा मूळचाच, थंड आणि कोरड्या जागी, उष्णतेपासून दूर ठेवावा. भरलेल्या पेटीवर पावडर, लॉट, चार्ज, गोळी, प्रायमर आणि तारीख लिहावी. आणि ब्लॅकआउटच्या मॅगझिनना वेगळ्या रंगाची पट्टी लावून त्या .२२३पासून वेगळ्या पिशवीत ठेवाव्यात: ब्लॅकआउटचे काडतूस .२२३च्या चेंबरमध्ये बसू शकते, बोल्टही बंद होऊ शकतो, आणि घोडा ओढला की रायफल फुटते.